वैद्यकीय निष्काळजीपणाचा दावा : रुग्णाला नेमकं काय सिद्ध करावं लागतं?

घरातलं माणूस रुग्णालयात जातं आणि परत येत नाही, किंवा येतं ते कायमचं अधू होऊन. मग घरात एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोललं जातं : ‘त्यांनी वेळेवर बघितलं असतं तर...’ हे वाक्य खरं असू शकतं. पण ग्राहक आयोगासमोर ते जसंच्या तसं चालत नाही, तिथे त्याचे तुकडे पाडावे लागतात. ‘त्यांनी’ म्हणजे कोणी? ‘वेळेवर बघितलं’ म्हणजे किती वाजता काय करायला हवं होतं? ‘असतं तर’ याला आधार काय? आणि शेवटच्या त्या तीन टिंबांमध्ये नेमकं किती नुकसान आहे?

कायद्याच्या पुस्तकात यालाच जबाबदारी, कसूर, कार्यकारण आणि नुकसान असे चार घटक म्हणतात. चारही सिद्ध करावे लागतात. तीन भक्कम आणि एक कच्चा असेल तर दावा पडतो. या लेखात भारतातला कायदा आहे आणि भर ग्राहक आयोगाच्या मार्गावर आहे, कारण बहुतेक कुटुंबं त्याच वाटेने जातात. घटना ताजी असेल, आठ-पंधरा दिवसांतली असेल, तर आधी खालचा कागदपत्रांचा भाग वाचा आणि कामाला लागा. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

समजायला सोपं जावं म्हणून एक काल्पनिक उदाहरण सोबत ठेवू. चौतीस वर्षांची एक बाई. रात्री नऊ वाजता पोटदुखी, उलट्या आणि ताप घेऊन एका खासगी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जाते. ड्यूटीवरचे डॉक्टर ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवतात. दोन दिवसांनी अपेंडिक्स फुटून पोटात पू झालेला सापडतो. मोठी शस्त्रक्रिया होते, बारा दिवस आयसीयूत जातात.

आधी एक कटू गोष्ट

उपचार फसले म्हणजे निष्काळजीपणा झाला, असं कायदा मानत नाही. शस्त्रक्रियेच्या टेबलावर रुग्ण दगावला तरी तेवढ्यावरून डॉक्टर दोषी ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे २०२१ सालीही पुन्हा स्पष्ट केलं आहे. निदान चुकणं, दोन मान्य उपचारांपैकी डॉक्टरने एक निवडणं आणि तो लागू न पडणं, माहीत असलेली गुंतागुंत होणं, यातली कुठलीही गोष्ट एकटी पुरत नाही.

फरक कसा ओळखायचा, यासाठी नसबंदीचे दोन निकाल शेजारी ठेवून पाहावेत. २००५ साली ‘पंजाब राज्य विरुद्ध शिव राम’ प्रकरणात न्यायालय म्हणालं की नसबंदीनंतर मूल झालं, एवढ्यावरून शस्त्रक्रिया निष्काळजीपणे झाली असं म्हणता येत नाही. नीट केलेली नसबंदीसुद्धा थोड्या टक्के स्त्रियांमध्ये अपयशी ठरते. पण त्याआधी २००० साली ‘हरियाणा राज्य विरुद्ध संत्रा’ प्रकरणात भरपाई मिळाली होती. तिथे फक्त उजवी बीजवाहिनी बांधली होती, डावीला हातच लावला नव्हता, आणि बाईला मात्र ‘आता मूल होणार नाही’ असं सांगितलं होतं. परिणाम दोन्हीकडे एकच, निकाल उलटे. दुसऱ्या प्रकरणात बोट ठेवता येईल अशी एक कृती होती, किंवा न केलेली कृती होती. तुमच्या फायलीत तसं बोट ठेवण्याजोगं ठिकाण कुठे आहे, ते आधी शोधा.

‘त्यांनी’ : जबाबदारी कोणाची

हा भाग सहसा अवघड नसतो. डॉक्टरने तपासलं, केसपेपर काढला, औषध लिहिलं की काळजी घेण्याची जबाबदारी सुरू झाली. पावती, केसपेपर किंवा डिस्चार्ज कार्ड यातलं काहीही ते नातं दाखवायला पुरतं.

प्रश्न येतो तो दावा कोणावर करायचा इथे. ड्यूटीवरच्या डॉक्टरचं नावच माहीत नाही, सही वाचता येत नाही, असं अनेकदा होतं. घाबरू नका. २००४ च्या ‘सविता गर्ग’ निकालानुसार रुग्णालयाला पक्षकार केलं तर प्रत्येक डॉक्टरचं नाव घातलंच पाहिजे असं नाही, तेवढ्या कारणाने तक्रार फेटाळता येत नाही. डॉक्टर पगारी असो की बाहेरून येणारा, रुग्णालय हात झटकू शकत नाही. तरी नावं कळत असतील तर घालावीत. माझ्या मते रुग्णालय, मुख्य उपचार करणारा डॉक्टर आणि, डॉक्टरांचा विमा असल्याचं कळलं तर, ती विमा कंपनी एवढे सामनेवाले पुरेत. राग म्हणून दहा-बारा जणांना ओढलं की नोटिसा बजावण्यातच वर्ष जातं.

एक अट मात्र नीट तपासा. ग्राहक आयोगात जायचं तर सेवा पैसे देऊन घेतलेली असावी लागते. १९९५ च्या ‘इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता’ निकालाने हे ठरवून दिलं. जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात ते सरकारी रुग्णालय ग्राहक कायद्याबाहेर राहतं. जिथे काहींकडून पैसे घेतात आणि काहींना मोफत सेवा देतात, तिथला मोफत रुग्णसुद्धा ग्राहक ठरतो. बिल विमा कंपनीने किंवा मालकाने भरलं असेल तरी तुम्ही ग्राहकच. २०१९ च्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘आरोग्यसेवा’ हा शब्द नाही म्हणून डॉक्टर आता सुटले, असं कोणी सांगेल. तो मुद्दा मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये फेटाळला आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला.

संपूर्ण मोफत सरकारी रुग्णालयातल्या रुग्णाला दिवाणी न्यायालयाचं दार उघडं असतं. औरंगाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये १९६३ साली नसबंदी करताना एका बाईच्या पोटात टॉवेल राहिला आणि ती दगावली. तिच्या घरच्यांनी दिवाणी दावा लढवला. १९९६ साली ‘अच्युतराव खोडवा’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला जबाबदार धरलं. तेहतीस वर्षं लागली, हे वाचताना आजही पोटात खड्डा पडतो.

‘वेळेवर बघितलं’ : कसूर

इथे मोजपट्टी कोणती, हे कळणं सगळ्यात महत्त्वाचं. डॉक्टर सर्वोत्तम असावा अशी कायद्याची अपेक्षा नाही. त्याच शाखेचा, साधारण कुशल डॉक्टर त्याच परिस्थितीत, त्या काळात उपलब्ध ज्ञान आणि साधनं हाताशी असताना जे करेल, ते याने केलं का, एवढंच पाहिलं जातं. इंग्लंडमधल्या १९५७ च्या ‘बोलम’ निकालापासून ही कसोटी चालत आली. आपल्याकडे २००५ च्या ‘जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य’ निकालाने ती पक्की केली.

म्हणून तक्रारीत ‘अत्यंत बेजबाबदारपणे उपचार केले’ असं लिहून काही साधत नाही. दोन रकाने करा. डावीकडे : काय करायला हवं होतं. उजवीकडे : प्रत्यक्षात काय केलं. आपल्या उदाहरणात डावीकडे येईल : पोटाच्या उजव्या खालच्या भागात दाबून पाहणं, रक्तातल्या पांढऱ्या पेशींची तपासणी, शंका असल्यास सोनोग्राफी, सर्जनला बोलावणं, घरी पाठवलंच तर ‘दुखणं वाढलं किंवा ताप चढला तर लगेच परत या’ असं लिहून देणं. उजवीकडे : नाडी आणि ताप नोंदला, पोट तपासल्याची नोंद नाही, इंजेक्शन, घरी. दोन रकान्यांमधली दरी म्हणजे डॉक्टरची कसूर. डावा रकाना मात्र तुमच्या मनाने भरायचा नाही. तो वैद्यकीय पाठ्यपुस्तकं, तज्ज्ञ संघटनांच्या मार्गदर्शक सूचना आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत यांतून भरला पाहिजे.

काही प्रसंगी ही दरी आपोआप दिसते. डॉक्टरची पात्रताच नसेल तर? १९९६ च्या ‘पूनम वर्मा’ प्रकरणात होमिओपॅथीच्या डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधं दिली होती. ज्या पद्धतीचं शिक्षण नाही त्या पद्धतीने उपचार करणं हाच निष्काळजीपणा, असं न्यायालयाने म्हटलं. म्हणून डॉक्टरची पदवी आणि नोंदणी क्रमांक वैद्यकीय परिषदेच्या नोंदवहीत तपासून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे आणि लोक ते करत नाहीत.

संमती हा वेगळा आणि बळकट आधार आहे. २००८ च्या ‘समीरा कोहली’ प्रकरणात रुग्णाने फक्त दुर्बिणीतून तपासणीला संमती दिली होती. ती भुलीखाली असताना तिच्या आईची सही घेऊन गर्भाशय आणि अंडाशय काढले गेले. रुग्ण सज्ञान आहे, शुद्धीवर येईपर्यंत थांबता येत होतं, जिवाला तात्काळ धोका नव्हता. मग आईची सही चालणार नाही, असा निकाल लागला. शस्त्रक्रिया कौशल्याने झाली की नाही हा प्रश्न तिथे गौण ठरला. तुमच्या फायलीतलं संमतिपत्र काढून बघा : शस्त्रक्रियेचं नाव लिहिलंय का, धोके लिहिलेत का, भाषा रुग्णाला कळणारी होती का, तारीख-वेळ आहे का? कोऱ्या छापील फॉर्मवर दाखल करतानाच घेतलेल्या सहीला फारसं वजन राहत नाही.

‘असतं तर’ : सगळ्यात अवघड पायरी

बहुतेक दावे इथे पडतात आणि पडल्यावरसुद्धा कुटुंबांना कळत नाही की का पडले. कसूर दिसते, नुकसानही दिसतं, पण कसुरीमुळेच नुकसान झालं हा सांधा सिद्ध होत नाही.

इंग्लंडमधलं एक जुनं प्रकरण कायद्याच्या विद्यार्थ्यांना हमखास शिकवतात. चहा प्यायल्यावर उलट्या होऊ लागलेले तीन रखवालदार रुग्णालयात गेले. डॉक्टरने न तपासताच त्यांना घरी पाठवलं. एक जण काही तासांत मेला. चहात आर्सेनिक होतं. डॉक्टरची कसूर उघड होती. तरी दावा हरला, कारण तपासलं असतं तरी वेळेत उतारा देता आला नसता, तो माणूस वाचला नसता, असं पुराव्यातून दिसलं. निर्दय वाटतं, पण कायदा असाच विचार करतो.

मग हा सांधा जोडायचा कसा? घड्याळ लावून. एका कागदावर घटनाक्रम मांडा आणि प्रत्येक ओळीला वेळ द्या : तक्रार कधी सांगितली, नर्सने कधी नोंदली, डॉक्टर कधी आले, रक्ताचा नमुना कधी घेतला, रिपोर्ट कधी आला, निर्णय कधी झाला. मग दुसऱ्या रंगाने एक समांतर घड्याळ काढा : योग्य वागणूक झाली असती तर कोणती गोष्ट किती वाजता झाली असती. आपल्या उदाहरणात पहिल्या रात्री सोनोग्राफी झाली असती तर अपेंडिक्स फुटण्याआधी छोट्या शस्त्रक्रियेत काम भागलं असतं का? त्या रात्री ते आधीच फुटलेलं होतं का? दोन दिवसांनंतरच्या शस्त्रक्रियेच्या नोंदीत पू किती होता, चिकटलेले पापुद्रे ताजे होते की जुने, हे सर्जनने लिहिलेलं असतं. तज्ज्ञाला तेवढ्यावरून पुष्कळ सांगता येतं.

पुरावा किती हवा? फौजदारी खटल्यासारखा निःसंशय नको. शक्यतेचं पारडं तुमच्या बाजूला झुकलं की पुरे. ‘नक्की वाचले असते’ असं सिद्ध करावं लागत नाही, ‘वाचण्याचीच शक्यता जास्त होती’ एवढं दाखवावं लागतं.

समोरचा पक्ष बहुधा दुसरं कारण पुढे करतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर १९५३ साली एका तरुणाच्या मांडीचं हाड मोडलं. त्याला पुण्याला आणलं. पूर्ण भूल न देता, माणसांचा जोर लावून हाड ओढून बसवलं गेलं आणि त्याच दिवशी तो गेला. डॉक्टरांचं म्हणणं, चरबीची गुठळी रक्तात जाऊन मृत्यू झाला, आमचा दोष नाही. न्यायालयाने नोंदी आणि साक्षी तपासून ठरवलं की मृत्यू त्या ओढाताणीच्या धक्क्याने झाला. ‘लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्रिंबक बापू गोडबोले’ या नावाने १९६८ साली हा निकाल लागला आणि डॉक्टरची कर्तव्यं सांगताना आजही त्याचा दाखला दिला जातो. धडा साधा आहे. रुग्णालय कोणतं दुसरं कारण सांगणार ते आधीच ओळखा आणि ते नोंदींशी का जुळत नाही, हे तुमच्या तज्ज्ञाकडून लिहून घ्या.

सगळ्यात जास्त ऐकू येणारा बचाव म्हणजे ‘ही माहीत असलेली गुंतागुंत आहे, संमतिपत्रात लिहिली होती.’ यावर गोंधळून जाऊ नका. शस्त्रक्रियेत आतड्याला छिद्र पडणं ही गुंतागुंत असू शकते. पण त्यानंतर ताप चढतोय, नाडी १३० वर गेली आहे, पोट फुगलंय, लघवी कमी होतेय, आणि छत्तीस तास कोणी स्कॅन सांगितला नाही, ही गुंतागुंत नव्हे. गुंतागुंत होण्याबद्दल भांडण्यापेक्षा ती ओळखायला लागलेल्या उशिराबद्दल भांडा. सिद्ध करायलाही ते सोपं जातं, कारण नर्सच्या तक्त्यात तासातासाचे आकडे असतात.

काही वेळा न केलेली एक सूचनाच सारं काही असते. चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात १९९६ साली मुदतपूर्व जन्मलेल्या एका मुलीच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी कोणी सांगितली नाही. अशा बाळांमध्ये पडद्याचा आजार होऊ शकतो, हे माहीत होतं, आणि तो वेळेत पकडला तर उपचार होतो. मुलीची दृष्टी गेली. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने सुमारे १ कोटी ८० लाख रुपयांची भरपाई दिली.

तीन टिंबं : नुकसान

पावत्यांशिवाय नुकसान म्हणजे नुसता आकडा. उपचारांचा खर्च, पुढे लागणारे उपचार, बुडालेली कमाई, सांभाळायला ठेवलेला माणूस, घरातल्या कोणी नोकरी सोडली असेल तर तिचा हिशेब, प्रवास, वेदना, आयुष्यभराचं अधूपण. प्रत्येकाचा वेगळा आकडा लिहा आणि शेजारी पुरावा लावा : आयकर विवरणपत्र, पगारपत्रक, अपंगत्वाचा दाखला, औषधांची बिलं. गृहिणीच्या कामालाही किंमत आहे, ती मागायला लाजू नका.

भारतातल्या सर्वांत मोठ्या भरपायांपैकी एक २०१३ सालच्या कुणाल साहा प्रकरणातली. कोलकात्यात स्टेरॉइडच्या अवाजवी डोसनंतर पत्नी गमावलेल्या डॉक्टरला मूळ रक्कम सुमारे ६ कोटी आणि व्याज धरून जवळपास ११ कोटी रुपये मिळाले. मृत्यू १९९८ चा होता. हा आकडा डोळ्यांसमोर ठेवून मागणी फुगवू नका, तिथे कमाईचा ठोस पुरावा होता. १९९८ च्या ‘स्प्रिंग मेडोज’ निकालातली गोष्ट अधिक लोकांच्या उपयोगाची आहे : चुकीच्या इंजेक्शनने मेंदूला इजा झालेल्या मुलाला तर भरपाई मिळालीच, पण आईवडिलांनाही मानसिक यातनांसाठी वेगळे ५ लाख मिळाले. पालकही ग्राहक असतात.

कागद : पहिल्या आठवड्यातली कामं

लेखी अर्ज द्या आणि संपूर्ण केस रेकॉर्डची प्रत मागा. तोंडी मागू नका. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात आणि दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून किमान तीन वर्षं जपाव्या लागतात. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच, शिक्का आणि वेळ घ्या. घेत नसतील तर रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा, सोबत ईमेलही करा. नोंदी नाकारल्या तर तो नकारच पुढे तुमच्या बाजूने बोलतो.

फक्त डिस्चार्ज कार्ड घेऊन घरी येऊ नका. ते नंतर लिहिलेलं सारांशवजा पान असतं. अर्जात नावानिशी मागा : दाखल करतानाचा केसपेपर, डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, नर्सिंग नोट्स, ताप-नाडी-रक्तदाबाचा तक्ता, औषधं दिल्याच्या वेळांचा तक्ता, सलाईन आणि लघवीचा हिशेब, भूलतज्ज्ञाची नोंद, शस्त्रक्रियेची नोंद, संमतिपत्रं, सर्व रिपोर्ट, स्कॅनच्या सीडी, दुसऱ्या रुग्णालयात पाठवल्याचं पत्र. यातही नर्सिंग नोट्स सोन्यासारख्या जपा. डॉक्टर दिवसातून दोनदा लिहितात, नर्स दर तासाला लिहिते. ‘रात्री २.१० ला डॉक्टरांना फोन केला, आले नाहीत’ अशी एखादी ओळ तिथेच सापडते.

औषधांच्या दुकानाची बिलंही फेकू नका. कोणतं औषध किती वाजता मागवलं ते त्यावरून कळतं. डॉक्टरशी झालेले व्हॉट्सॲप संदेश आणि कॉलची यादी जपा. सीसीटीव्हीचं चित्रण थोड्याच दिवसांत पुसलं जातं, म्हणून ते जपून ठेवावं अशी लेखी मागणी पहिल्या दोन-तीन दिवसांतच करा. आणि घरात जे जे हजर होते त्यांनी आपापलं आठवतंय ते आत्ताच, वेगवेगळं, लिहून काढावं. सहा महिन्यांनी सगळ्यांच्या आठवणी एकमेकांत मिसळतात.

मृत्यू झाला असेल आणि कारणाबद्दल शंका असेल तर शवविच्छेदनाचा आग्रह धरा. पोलिसांना लेखी कळवा. त्या क्षणी हे फार कठीण असतं, नातेवाईक ‘आता देहाची चिरफाड कशाला’ म्हणतात, आणि त्यांचंही चुकत नाही. पण अहवाल नसेल तर वर सांगितलेला सांधा जोडणं पुढे जवळपास अशक्य होऊन बसतं.

आणि कितीही राग आला तरी रुग्णालयात तोडफोड किंवा हाणामारी नाही. महाराष्ट्रात २०१० पासून त्यासाठी वेगळा कायदा आहे आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय मग चर्चा तुमच्या माणसाच्या मृत्यूची राहत नाही, फुटलेल्या काचांची होते.

तज्ज्ञाचं मत : कधी लागतं, कधी नाही

२००९ च्या एका निकालाने असा समज झाला होता की तज्ज्ञ समितीच्या मताशिवाय डॉक्टरला नोटीससुद्धा काढता येणार नाही. २०१० च्या ‘व्ही. किशन राव’ निकालाने तो दूर केला. त्यात मलेरियाच्या रुग्णाला टायफॉइडचे उपचार दिले होते, रक्ततपासणी टायफॉइडच्या विरोधात होती. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञ लागत नाही, असं न्यायालय म्हणालं.

पोटात राहिलेला टॉवेल, उजव्याऐवजी डावा गुडघा, दुसऱ्याच रक्तगटाचं रक्त : अशा वेळी वस्तुस्थिती स्वतःच बोलते. न्यायालयीन भाषेत ‘रेस इप्सा लोक्विटर’ म्हणतात. मग आम्ही काळजी घेतली होती, हे दाखवण्याचं ओझं रुग्णालयावर जातं.

बाकी सगळ्या प्रकरणांत, कायदा सक्ती करत नसला तरी, तज्ज्ञाचं मत घ्याच. तो त्याच शाखेचा असावा. हृदयाच्या प्रकरणात जनरल प्रॅक्टिशनरच्या मताला कोणी विचारत नाही. गावातले डॉक्टर एकमेकांविरुद्ध लिहीत नाहीत, हे खरं आहे. निवृत्त प्राध्यापक किंवा दुसऱ्या शहरातला डॉक्टर शोधा. त्याला ‘चूक झाली का?’ असं मोघम विचारू नका. तीन प्रश्न लिहून द्या : या टप्प्यावर साधारण डॉक्टरने काय केलं असतं, इथे काय झालं, आणि त्या फरकाने परिणाम बदलला असता का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘सांगता येत नाही’ असं आलं तर दावा दाखल करण्याआधी थांबून विचार करा. ते उत्तर आत्ताच कळलेलं बरं. मत प्रतिज्ञापत्रावर घ्या आणि ज्या पाठ्यपुस्तकाचा आधार आहे त्याची पानं जोडा. आयोग स्वतःही फाइल सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या समितीकडे पाठवू शकतो. समितीचं मत विरोधात आलं तरी ते बंधनकारक नसतं. कारणं न देता ‘निष्काळजीपणा दिसत नाही’ एवढंच लिहिलं असेल तर लेखी हरकत घ्या.

मुदत, आयोग आणि फी

मुदत दोन वर्षं, दाव्याचं कारण घडल्यापासून. उशीर झाला तर सबळ कारण देऊन विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण त्यावर विसंबू नका. इजा उशिरा कळली तर मुदत कळल्यापासून मोजता येते. मात्र आधीच कळायला हवी होती असं दिसलं तर तसं होत नाही. १९९३ साली पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या एका परिचारिकेच्या पोटात २००२ साली गॉझ सापडलं. मधली वर्षं पोट दुखत होतं तरी तपासणी करून घेतली नाही आणि वैद्यकीय क्षेत्रातल्या व्यक्तीने ती करून घ्यायला हवी होती, असं म्हणत २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने तक्रार मुदतबाह्य ठरवली.

कोणत्या आयोगात जायचं ते मागितलेल्या भरपाईवरून ठरत नाही, सेवेसाठी दिलेल्या रकमेवरून ठरतं. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्याहून जास्त असेल तर राष्ट्रीय आयोग. म्हणजे बिल ३ लाखांचं आणि मागणी ८० लाखांची असली तरी जिल्हा आयोगच. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, मुंबईतल्या रुग्णालयाविरुद्ध नांदेडमध्ये. तक्रार ऑनलाइनही भरता येते. वकील सक्तीचा नाही, पण वैद्यकीय प्रकरणात या कामाचा अनुभव असलेला वकील घ्यावा, असं मी आवर्जून सांगेन.

पोलीस आणि वैद्यकीय परिषद

फौजदारी गुन्ह्याची पायरी फार उंच आहे. साधा निष्काळजीपणा पुरत नाही, घोर निष्काळजीपणा दाखवावा लागतो, आणि ‘जेकब मॅथ्यू’ निकालानुसार तक्रारीच्या पाठीशी दुसऱ्या सक्षम डॉक्टरचं विश्वासार्ह मत लागतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये नोंदणीकृत डॉक्टरच्या निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. वैद्यकीय परिषद डॉक्टरला ताकीद देऊ शकते, नोंदणी ठरावीक काळासाठी रद्द करू शकते, पैसे देऊ शकत नाही. परिषदेने दोष दिला तर तो आदेश आयोगात दाखल करा. पण या दोन ठिकाणच्या निकालाची वाट पाहत दोन वर्षांची मुदत घालवू नका. ती तुमच्यासाठी थांबत नाही.

दाखल केल्यानंतर

सामनेवाल्याला लेखी जबाबासाठी ३० दिवस मिळतात, आयोग आणखी १५ देऊ शकतो. त्यापुढे मुदत वाढवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० साली पक्कं केलं. पंचेचाळिसावा दिवस कॅलेंडरवर खुणावून ठेवा. जबाब आला की तो तुमच्या घटनाक्रमाशेजारी ठेवून ओळीओळीने वाचा. नोंदीत नसलेली गोष्ट जबाबात पहिल्यांदाच आली आहे का? ‘आम्ही रात्री अकराला सर्जनला बोलावलं होतं’ असं लिहिलं असेल आणि नर्सच्या तक्त्यात अकराची ओळच नसेल, तर प्रत्युत्तरात नेमकं तेवढंच मांडा, पान क्रमांकासह. पुरावा प्रतिज्ञापत्रांवर होतो. डॉक्टरला प्रश्न विचारायचे असतील तर लेखी प्रश्नावली देण्याची परवानगी मागा आणि प्रश्न छोटे ठेवा : किती वाजता, कोणी, कुठे नोंद आहे.

मध्ये केव्हातरी मध्यस्थीचा प्रस्ताव येईल. तडजोड म्हणजे हार नव्हे. कार्यकारणाचा सांधा कच्चा असेल तर ती स्वीकारण्यात शहाणपण असू शकतं. निकाल विरोधात गेला तर जिल्हा आयोगाच्या आदेशावर ४५ दिवसांत राज्य आयोगात अपील करता येतं. रुग्णालयाने अपील केलं तर त्याला आदेशातल्या रकमेचा निम्मा भाग आधी जमा करावा लागतो. तो जमा झालाय का, हे अपिलाच्या पहिल्याच तारखेला विचारा.